विराम म्हणजे थांब

सगळे ज्याला ग्रंथ म्हणायचे त्या हमालाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. कामावर सातला हजर व्हायचं असायचं आणि ट्रकचा अड्डा घरापासून हाकेच्या अंतरावर होता. तरी साडेचारला. उठून तो मोरीत जायचा, कडी लावायचा, नळ बारीक सोडायचा आणि पाण्याच्या आवाजाच्या आडोशाला दिवसभरात लागणारी वाक्यं बोलून बघायचा. कुठलं सरळ जातंय, कुठलं अडतंय, अडलं तर कसं फिरवायचं. जड कपाट चढवायच्या आधी शहाणा हमाल रिकाम्या हाताने जिना एकदा चढून बघतो. हे तसंच.

बाहेरून बायको ओरडायची, "अहो, सभा संपली असेल तर बाहेर या. श्रोते खोळंबलेत."

"आलोच," तो म्हणायचा. हा शब्द अडत नव्हता.

घोडं अडायचं चार अक्षरांपाशी. क, ट, थ आणि प. यांतलं एक जरी शब्दाच्या तोंडाशी आलं की ग्रंथाचा जबडा आवळायचा, मान ताठ व्हायची आणि शब्द घशात रुतून बसायचा. लहानपणी वर्गात याची भरपूर करमणूक झाली. मुलं हसायची, मास्तर खडू शोधायच्या निमित्ताने फळ्याकडे तोंड करून हसायचे. तेव्हाच त्याने ठरवलं, की जिथे वाट नाही तिथे डोकं आपटत बसायचं नाही, वळसा घालायचा. पाणी निघत नव्हतं, जल निघत होतं. टेबलाचं मेज झालं, पगाराचं वेतन, पावसाची वर्षा. पोट दुखलं तरी त्याचं उदरच दुखायचं. रेडिओवरच्या बातम्या, सरकारी सूचनांचे फलक, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, जिथे सापडेल तिथून त्याने शब्द उचलले आणि डोक्यात रचून ठेवले. लोकांना वाटायचं, जड शब्द याच्या जिभेवर नाचतात. नाचत काही नव्हतं. एकेक शब्द त्याने घाम गाळून वर चढवलेला होता.

सगळ्यात मोठी गोची प्रश्नांची. काय, कोण, कुठे, कधी, किती, का. सगळ्यांच्या तोंडाशी क. म्हणून त्याने प्रश्न विचारणंच सोडून दिलं. वेळ विचारायची तर म्हणायचा, "वेळ समजली तर उपकार होतील." चहावाल्याला म्हणायचा, "देय रक्कम सांगावी." ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस कुणाला काही विचारत नाही, नुसता हुकूम सोडतो. कुठला जहागीरदार लागून गेला?

ग्रंथ हे नाव पहिल्याच दिवशी पडलं. घरसामान हलवणाऱ्या त्या टोळीत चारच माणसं. मुकादम, ज्याला सगळे मामा म्हणायचे. जाड्या, जो फ्रिज एकटा पाठीवर घ्यायचा आणि त्याची आठवण महिनाभर करून द्यायचा. काडी, जो अंगाने काडी होता पण चिवट. आणि चौथा हा. पहिली खेप उतरवून घामाघूम झाल्यावर हा मुकादमाला म्हणाला, "मामा, जल मिळावं."

जाड्याने खोकं खाली ठेवलं. "जल? अरे, माणूस मागितला होता, ट्रकमालकांनी ग्रंथ पाठवला!"

नाव चिकटलं ते चिकटलंच.

ज्याच्या-त्याच्या मनात या ग्रंथाचं वेगळंच पुराण होतं. चहावाल्याची खात्री होती की हा कुठल्यातरी खात्यातून पैसे खाल्ल्याबद्दल हाकललेला साहेब आहे. एका घरमालकीणबाईंना तो परिस्थितीने गांजलेला मास्तर वाटला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी नवऱ्याचा जुना कोट याच्या अंगावर घातला, ज्याच्या बाह्या कोपरापाशी संपत होत्या. पुस्तकांची खोकी हलवताना एका खऱ्याखुऱ्या प्राध्यापकाचा समज झाला की हा हमाल आपली टिंगल करतोय. त्याने बक्षिसीचा हात खिशात घातला आणि तिथेच ठेवला. सासऱ्यांचं तर विचारूच नका. मुलगी बघायला आलेल्या मुलाने "जल चालेल" म्हटल्याबरोबर त्यांनी आतल्या खोलीत जाऊन सांगितलं होतं, मुलगा विद्वान आहे, नीट वागा.

खरं फक्त बायकोला माहीत होतं. लग्नानंतर महिनाभराने तिला उलगडा झाला तेव्हा ती हसून हसून भिंतीला टेकली. "तोतरे आहात होय! आणि मी महिनाभर तोंड शिवून बसलेय, या पंडिताला माझं बोलणं रुचेल की नाही म्हणून!"

टोळीत मात्र त्याने अवाक्षर काढलं नाही. त्याचा हिशोब सरळ होता. तोतऱ्याची लोक कीव करतात, शहाण्याला शिव्या घालतात. कीव करणारा हातातलं ओझं काढून घेतो. शिव्या देणारा निदान उचलू तरी देतो.

आता हाकेचं सांगायला हवं, कारण ग्रंथाचा जीव त्या हाकेत अडकला होता.

जिन्यातून कपाट चढवताना दोघे वजनाखाली असतात. त्यांना समोर प्लायवुडशिवाय काही दिसत नाही. पायरी कुठे संपली, कठडा कुठे आला, भिंत किती उरली, सगळं तिसऱ्याच्या तोंडून. तो तिसरा म्हणजे हाक देणारा. तो वरच्या अंगाला उभा राहतो, एका हाताने कोपरा सांभाळतो आणि डावं, उजवं, थांब, पुढं असं बोलत खालच्या दोघांचे डोळे होतो. इथे अक्कल लागते. नुसतं बळ काय, बैलालाही असतं. मोबदला म्हणून त्याला वाटा दीडपट, आणि पाठीवर वजन नाही.

इतकी वर्षं हाक मुकादमाची होती. पण मुकादमाचे गुडघे गेले. आता तो ट्रकमध्ये बसून गिऱ्हाइकांशी घासाघीस करणार होता आणि हाक तिघांपैकी एकाला मिळणार होती. ग्रंथाला ती हवी होती, नव्हे, लागत होती. त्याच्या पाठीत एक मणका असा होता की शिंक आली तरी आधी त्याची परवानगी घ्यावी लागायची. वजनाखाली आणखी एखादं वर्ष, मग घरी बसायचं. आणि घरी बसून खायचं काय, याला कुठलाही भारी शब्द पुरला नसता.

"नजर ग्रंथाची चांगली," मुकादम म्हणाला. "जिना बघितला की सांगतो, जाईल की नाही. पण तोंडाचं काय?"

"मामा, याला हाक देताय?" काडी म्हणाला. "आम्ही खाली चेपून मरणार आणि वरून हा श्लोक म्हणणार."

"एक खेप बघू," मुकादम म्हणाला.

ती खेप आरशाच्या कपाटाची होती. तिसरा मजला, अरुंद जिना. ग्रंथाने पहाटे मोरीत सगळी तयारी केली होती. डावं, उजवं, उचल, सावकाश, हे सगळे सोयीचे. अडचण तीन शब्दांची होती. पुढं, थांब, आणि दम खायला वजन क्षणभर खाली घ्यायचं तेव्हाचा टेकव. पुढंच्या जागी "चल", टेकवच्या जागी "ठेव" आणि थांबच्या जागी "बस" म्हणायचं त्याने पक्कं केलं. शंभरदा घोकलं.

पहिला मजला झोकात गेला. जाड्या खालून म्हणालासुद्धा, "आज ग्रंथ मराठीत आहे."

दुसऱ्या वळणावर कुणीतरी नुकतीच फरशी पुसली होती. साबणाचं पाणी पायरीवर तसंच. जाड्याचा पाय तिथेच पडणार होता. आता अशा वेळी माणसाला घोकलेलं आठवत नाही. आयुष्यभर जे कानावर पडलंय तेच तोंडात येतं. ग्रंथाच्या तोंडात थांब आला आणि दाराची कडी पडावी तसा जबडा बंद. डोळे बाहेर आले, मान ताठ झाली, शब्द हलेना. मग लहानपणापासूनच्या सवयीने डोकं वळसा घालायला धावलं आणि हाताला लागला तो शब्द घेऊन आलं.

"विराम!" ग्रंथ ओरडला.

"चालू दे तुझं!" जाड्या खालून म्हणाला, आणि त्याने पाय टाकला.

जाड्या घसरला. कपाट तिरपं झालं, भिंतीवर आदळलं आणि आपलं सगळं वजन घेऊन काडीच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर उतरलं. आरशाचे तुकडे खालच्या मजल्यापर्यंत गेले. काडीचं ओरडणं त्याच्याही खाली, ट्रकपर्यंत गेलं. मालकीणबाई जिन्यात आल्या आणि ग्रंथाकडे बोट करून म्हणाल्या, "हा वर उभा राहून पाठांतर करत होता का?"

संध्याकाळी अड्ड्यावर पंचायत बसली. काडीच्या अंगठ्याला उशीएवढं बँडेज. आरशाची भरपाई टोळीच्या डोक्यावर बसलेली. मुकादम शांतपणे बोलला, आणि मुकादम शांतपणे बोलला की समजायचं, आता धडगत नाही.

"माणूस मरतोय आणि तू भाषा झाडतोस. हे घे, सगळ्यांसमोर सांगतो. थांब म्हण. एकदाच. म्हटलंस तर उद्या कामावर ये. नाही म्हटलंस तर तू आणि तुझा शहाणपणा, दोघं जा."

ग्रंथ उभा राहिला. आजवर अशा वेळी वळसा होता. आज चारी बाजूंनी वाट बंद.

"थ," तो म्हणाला. "थ... थ..."

मानेच्या शिरा दोरासारख्या वर आल्या. डोळे घट्ट मिटले गेले. उजवा पाय आपोआप जमिनीवर आपटू लागला, जणू शब्द पायाने वर ढकलायचा होता. चहावाला किटली तिरपी धरून तसाच उभा राहिला. जाड्याचं तोंड उघडं पडलं. फ्रिज उचलताना ज्याचा श्वास लागत नाही अशा माणसाला ते बघून धाप लागली.

"...थांब," शेवटी निघालं. चिंधीसारखं.

मग जाड्या म्हणाला, "आयला."

काडीने बँडेजचा पाय खाली घेतला. "म्हणजे पाणीसुद्धा?"

ग्रंथाने मान हलवली.

"आणि ते, वेळ समजली तर उपकार होतील?"

पुन्हा मान.

"अरे, त्या एका वाक्यासाठी मी तुझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हतो! वाटलं, काय माज आहे याला!"

मुकादम कपाळावर हात मारून म्हणाला, "गाढवा, आधी सांगायचंस ना. आम्ही तुला शहाणा समजत होतो."

"ती समजूत सोयीची होती, मामा," ग्रंथ म्हणाला.

नोकरी राहिली. हाक गेली. ती काडीला मिळाली, कारण फुटका अंगठा घेऊन काडी वजनाखाली जाऊ शकत नव्हता. ग्रंथ परत कपाटाखाली आणि मणका परत आपल्या कामावर.

त्याहून वाईट म्हणजे सगळे प्रेमळ झाले. इतकी वर्षं ज्यांनी याला सरळ हाक मारली नव्हती ते आता याची वाक्यं पूर्ण करायला लागले. ग्रंथाने तोंड उघडलं रे उघडलं की जाड्या दोन्ही हात पुढे करून, पडतं मूल झेलावं तसा धावायचा. "पाणी? पाणी ना? नाही? पान? पगार? पाय दुखतोय?" ग्रंथाला म्हणायचं असायचं, परवा सुट्टी हवी. तिथपर्यंत जाड्या पोचायचाच नाही. काडी त्याच्यासाठी चहा आणायचा आणि हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसा विचारायचा, "गरम आहे, चालेल ना?"

"मी तोतरा आहे," ग्रंथ घरी बायकोला म्हणाला. "आजारी नाही."

"मग हे त्यांना सांगा," बायको म्हणाली. "माझ्यावर काय डाफरता? मी कधी तुमचं वाक्य पुरं केलंय? मला माझीच पुरी करायला दिवस पुरत नाही."

दुसऱ्या दिवशी जाड्याने झेलायला हात पुढे केले तसे ग्रंथाने ते बाजूला सारले. "माझं ओझं मी उचलणार. हात लावू नका. हसा, शिव्या द्या, चिडवा, सगळं चालेल. मात्र वाक्य माझं मला संपवू द्या."

जाड्याचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस प्रेमळ राहून त्याला बद्धकोष्ठ झाल्यासारखं वाटत होतं. "चिडवू? नक्की?"

"अवश्य."

"अवश्य म्हणतोय रे!" जाड्या आनंदाने ओरडला, आणि गाडी रुळावर आली.

मग अड्ड्यावर जो सुकाळ झाला! चहावाला कपात चहा ओतायला लागला की जाड्या हात वर करून गरजायचा, "विराम!" खोक्यावर बसायच्या आधी पार्श्वभाग तोलून म्हणायचा, "भूमी!" कारण विचारल्यावर, टेकवसाठी ग्रंथाच्या डोक्यातल्या साठ्यात तोच शब्द निघाला होता. काडी रांगेत समोरच्याला कोपराने ढोसून म्हणायचा, "अग्रे, भाऊ, अग्रे!" म्हणजे ग्रंथाच्या भाषेत पुढं सरक. समोरचा भाऊ मागे वळून बघायचा, हा शिवी देतोय की मंत्र म्हणतोय. मुकादमसुद्धा एकदा गिऱ्हाइकाला म्हणून गेला, "देय रक्कम सांगतो," आणि मग स्वतःवरच चिडून ट्रकचं दार आपटून घेतलं. ग्रंथ चूक दिसली की दुरुस्त करायचा. "अग्रे घाईत म्हणायचं नाही. 'रे' लांबव, मग दम साधतो." जाड्या म्हणायचा, "जी गुरुदेव," आणि लांबवायचा.

सगळं कसं चेष्टेत चाललं होतं. चेष्टा रोज केली की अंगवळणी पडते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग लांब सोफ्याची खेप आली. चौथा मजला. काडी वर, जाड्या आणि ग्रंथ खाली. इमारत अशी, की प्रत्येक दार उघडं आणि प्रत्येक दारातून कुणी ना कुणी ओरडतंय. वरच्या मजल्यावर एक आई पळणाऱ्या मुलाला म्हणत होती, "थांब, थांब म्हणते ना!" जाड्या थांबला. ग्रंथ चालत होता. सोफा कडकडला. दुसऱ्या दारातून कुणीतरी फोनवर, "बस, बस, कळलं." जाड्या पुन्हा थांबला. काडी वरून खरोखरच "थांब" म्हणाला तेव्हा जाड्याला वाटलं, ती आईच. तो पुढे गेला. सोफ्याचा हात कठड्यात घुसला, पाठ भिंतीला लागली आणि मध्ये जाड्याची बरगडी.

"मागे," काडी म्हणाला. "नाही, पुढं. थांब. नाही, डावं. कुठल्या बाजूचं डावं? माझं डावं!"

"तुझं डावं घाल चुलीत," जाड्या घुसमटून म्हणाला. "मला बाहेर काढ. श्वास येत नाही."

आई ओरडत होती, फोनवाला ओरडत होता, काडी ओरडत होता. ग्रंथाने मान वाकडी करून सोफ्याच्या खालून वर बघितलं. कठडा आणि भिंतीमध्ये, वरच्या अंगाला, हातभर जागा होती. सोफा उभा केला तर जात होता. त्याने छाती भरून घेतली.

"विराम!"

जाड्या जागीच गोठला. काडीही. वरचं मूलही, असं म्हणतात, क्षणभर उभं राहिलं. तो शब्द त्या जिन्यात दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

"भूमी!"

वजन जिथल्या तिथे खाली आलं. जाड्याने श्वास घेतला.

"उचल. डावं अंग वर. अजून. अजून. उभा धर. आता अग्रे! अग्रे! विराम. उजवं जरासं. अग्रे!"

सोफा कठड्याच्या वरून वळला आणि लोण्यातून सुरी जावी तसा गेला. चौथ्या मजल्यावर दारात उभे असलेले आजोबा चष्मा वर करून म्हणाले, "तुम्ही कुठल्या संस्थेचे?"

"हमाल आहोत, आजोबा," जाड्या म्हणाला. "भूमी कुठे करायची ते सांगा."

खाली आल्यावर काडीने मुकादमाला गाठलं. "मामा, हाक याला द्या. माझा अंगठा बरा झाला."

"बरा? कालपर्यंत तर लंगडत होतास."

"आत्ताच झाला. एका बरगडीपेक्षा अंगठा स्वस्त."

जाड्या बरगडी चोळत म्हणाला, "मामा, खरं सांगू? थांब आणि बस अख्खं गाव ओरडतं. खाली अंधारात कळत नाही, कुणाचं ऐकायचं. विराम म्हणणारा मूर्ख जगात एकच आहे. त्याचा आवाज आला की चुकायला होत नाही."

मुकादमाने ग्रंथाकडे पाहिलं. "काय रे? देऊ?"

"द्यावी," ग्रंथ म्हणाला. आणि मग, मुकादम अजून बघतोय असं दिसल्यावर, "जबाबदारी माझी."

त्या दिवसापासून हाक त्याची झाली. आरसा पुन्हा कधी फुटला नाही असं नाही. फुटले, दोन. पण ते आरशांचे दोष होते, असं टोळीचं एकमत आहे. शेजारच्या टोळ्यांनी आधी टवाळी केली, मग गुपचूप विराम उचलला. लोकांचं पुराण काही थांबलं नाही. कुणाला ही माणसं प्यायलेली वाटायची, कुणाला एखाद्या मठातून आलेली. एका साहेबांनी तर, एवढं शुद्ध बोलणारे हमाल महाग पडतील म्हणून, दरही न विचारता दुसरी टोळी बोलावली. तिने त्यांचं शोकेस फोडलं. ग्रंथाने ही बातमी ऐकून एवढंच म्हटलं, "दुःखद." त्याला दुःख अजिबात झालेलं नव्हतं.

वजनाखालून सुटल्यावर त्याच्या मणक्याने वैर सोडलं. हाकेचा अर्धा वाटा जास्तीचा यायचा, तो बायको वेगळा ठेवायची आणि त्याला हात लावू द्यायची नाही. नवरा शब्दांत उधळा होता, म्हणून पैशांत तिने त्याला आवरून धरलं. वर्षं गेली. जाड्या थोडा कमी जाड झाला, काडी थोडा जास्त. मुकादम ट्रकमध्ये बसल्या बसल्या म्हातारा झाला.

मग एक दिवस बायको आणि ग्रंथ घर बघायला गेले. दलाल गोड बोलणारा होता. पाचव्या मजल्यावर काय वारा आहे, म्हणाला. उजेड काय आहे. शिवाय स्वस्त. गच्ची जवळ.

ग्रंथाने जिन्याकडे एकदा वर बघितलं. किती वळणं, कठडा किती उंच, कुठल्या पायरीचा कोपरा उडालाय, त्याच्या ध्यानात सगळं एका नजरेत आलं. सवयच ती.

"नको," तो म्हणाला. "मला जमीन दाखवा."

दलालाला वाटलं, हे शेतजमीन मागतायत. बायकोने समजावलं, "तळमजला म्हणतायत हो. उभं आयुष्य दुसऱ्यांची घरं वर चढवलीत त्यांनी. आता स्वतःचं चढवायचं नाही."

दलालाने नाक मुरडलं. तळमजल्यावर धूळ येते, म्हणाला. रस्त्याचा आवाज येतो. माणसं खिडकीतून आत बघतात.

"बघू देत," बायको म्हणाली. "आम्हीही बाहेर बघू."

हाकेचा साठवलेला सगळा अर्धा वाटा तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत गेला. उंबरठा सोडला तर चढायला एकही पायरी नव्हती.